उंबराखालचा चोथा

आमच्या घरामागे एक जुना उंबर आहे. फळं पिकायला लागली की सकाळी अंगण झाडताना त्याखाली बोराएवढे चपटे, ओलसर गोळे सापडतात. कुणीतरी चावून, पिळून, थुंकून टाकल्यासारखे. माझी आजी म्हणायची, "वाघूळ तोंडानं खातं आन् तोंडानंच घाण करतं, म्हणून देवानं त्याला उलटं टांगलंय." मी ते बरीच वर्षं खरं मानलं. आजीवर अविश्वास ठेवायचं कारणही नव्हतं, पुरावा रोज अंगणात पडलेला असायचा.

तो पुरावा नीट पाहिला तर वेगळंच काही सांगतो. फळं खाणाऱ्या वटवाघळाच्या टाळूवर आडव्या वळ्या असतात. ते फळाचा घास तोंडात घेतं, जिभेनं या वळ्यांवर दाबतं, रस गिळतं आणि उरलेला चोथा थुंकून टाकतं. उडणाऱ्या प्राण्याला पोटात ओझं नको असतं, म्हणून ही सोय. अंगणात पडतो तो हा चोथा. विष्ठा ते इतर सस्तन प्राण्यांसारखीच करतं. झाडावर लटकलेलं असेल तर त्या वेळी अंगठ्यांच्या नख्या फांदीत अडकवून क्षणभर सरळ होतं, अंग खराब होऊ न देता मोकळं होतं आणि पुन्हा पायांवर उलटं लटकतं. मोठ्या झाडावर वस्ती असेल तर संध्याकाळी साध्या दुर्बिणीतून हे सहज दिसतं. त्यानंतर ते अंग चाटून, पंख पुसून स्वच्छ करत बसतं. मांजरासारखाच या प्राण्याचाही बराच वेळ स्वच्छतेत जातो.

आजीचं निरीक्षण पक्कं होतं, अर्थ तेवढा चुकला होता. वटवाघळांबद्दल आपल्याकडे बहुतेक असंच झालं आहे. पाहिलं सगळ्यांनी, पण अंधारात आणि घाबरून. म्हणून हा प्राणी मुळापासून समजून घेऊ.

हाताचा पंख

वटवाघूळ पक्षी नाही आणि पंख फुटलेला उंदीरही नाही. उंदराशी त्याचं जवळचं नातंही नाही. ते सस्तन आहे, पिल्लाला दूध पाजतं, आणि सस्तन प्राण्यांमध्ये खऱ्या अर्थानं उडणारं ते एकटंच. उडती खार झाडावरून झाडावर तरंगत जाते, तिला पंख मारता येत नाहीत. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हात. आपला तळहात डोळ्यांसमोर धरा. अंगठा सोडून उरलेली चार बोटं अंगाइतकी लांब झाली आहेत, त्यांच्यामध्ये छत्रीच्या कापडासारखं पातळ कातडं ताणलं आहे आणि ते कातडं थेट पायापर्यंत पोचलं आहे, अशी कल्पना करा. अंगठा मोकळाच राहिला, त्याला नखी आली. शास्त्रीय भाषेत या गटाचं ग्रीक नाव 'कायरोप्टेरा' आहे. त्याचा अर्थच 'हात हाच पंख'.

उलटं लटकायलाही त्याला कष्ट पडत नाहीत. शरीराच्या वजनानंच पायातली शीर ओढली जाते आणि बोटं मिटून कुलूप लागल्यासारखी घट्ट बसतात. झोपेत सुटायची भीती नाही. मेलेलं वटवाघूळही कित्येकदा फांदीला तसंच लटकून राहतं. उडायचं असेल तेव्हा पकड सोडायची, थोडं खाली पडायचं आणि पंख उघडायचे. जमिनीवरून झेप घेणं मात्र अनेक जातींना जड जातं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

जगात वटवाघळांच्या चौदाशेहून जास्त जाती आहेत, भारतात सव्वाशेच्या वर. म्हणजे 'वटवाघूळ' हा शब्द 'पक्षी' या शब्दासारखा ढोबळ आहे. गिधाड आणि चिमणी यांच्यात जेवढा फरक, तेवढा यांच्यातही. आपल्या चिंचेवर किंवा वडावर शेकड्यांनी लटकणारं मोठं वटवाघूळ पंख पसरून सव्वा मीटर भरतं आणि त्याचं वजन दीड किलोपर्यंत जातं. तोंड कुत्र्याकोल्ह्यासारखं, डोळे मोठे, मानेभोवती सोनेरी-तांबूस केस. दुसरीकडे, दिवेलागणीला रस्त्यावरच्या दिव्याभोवती गिरक्या घेणारं चिमुकलं वटवाघूळ जेमतेम दोन-चार ग्रॅमचं, म्हणजे एक रुपयाच्या नाण्याएवढ्या वजनाचं. कोकणात काही ठिकाणी या लहानग्यांना पाकोळी म्हणतात. घाटावर मात्र पाकोळी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पक्षी येतो.

ढोबळ मानानं आपल्याकडे यांची दोन घराणी. एक फळं आणि फुलांतला मध खाणाऱ्यांचं, दुसरं किड्यांवर जगणाऱ्यांचं. फळखाऊंची नजर उत्तम असते, नाकही तीक्ष्ण. त्यांना आंधळं म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे. खरं तर एकही वटवाघूळ आंधळं नसतं. किडेखाऊंचे डोळे लहान असतात, कारण त्यांना अंधारात पाहायची दुसरी तऱ्हा सापडली आहे.

हाक आणि तिचा पडसाद

सह्याद्रीत कड्यासमोर उभं राहून कुणाला तरी हाक मारा. हाक परत येते. कडा लांब असेल तर उशिरा, जवळ असेल तर लगेच. त्या वेळावरून कडा किती लांब आहे हे तुम्ही मोजू शकता. किडेखाऊ वटवाघूळ नेमकं हेच करतं, फक्त त्याचा कडा म्हणजे हवेत उडणारा डास असतो.

आता थोडं गणित. हवेत आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पतंग १ मीटर ७० सेंटीमीटरवर असेल, तर आवाजाला जाऊन येऊन ३ मीटर ४० सेंटीमीटर कापायचे आहेत. त्याला लागतो सेकंदाचा शंभरावा भाग. एवढ्या फटीत वटवाघूळ हाक मारतं, तिचा पडसाद ऐकतं, किडा किती अंतरावर आहे, कुठल्या बाजूला आहे, केवढा आहे, पंख हलवतो आहे का, हे सगळं ओळखतं आणि वळतं. सावज जवळ आलं की हाकांचा वेग वाढत जातो. शेवटच्या क्षणी तो सेकंदाला दीडशे-दोनशेपर्यंत पोचतो आणि सुट्या हाकांची एक सलग भुणभुण होते.

हे सगळं आपल्या डोक्यावर रोज संध्याकाळी चालू असतं आणि आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज पकडतो. वटवाघळांच्या हाका बहुतेक त्याच्या वर असतात, काहींच्या लाखाच्याही पुढे. त्या हळू असतात असं मात्र समजू नका. तोंडाजवळ मोजल्या तर कानठळ्या बसाव्यात इतक्या त्या मोठ्या असतात. स्वतःच्याच ओरडण्यानं बहिरं होऊ नये म्हणून प्रत्येक हाकेच्या वेळी कानातला एक बारीक स्नायू आवळला जातो आणि पडसाद यायच्या आत सैल होतो. आणि हे सेकंदाला कित्येक वेळा. मला निसर्गातल्या ज्या मोजक्या गोष्टी कितीही वेळा वाचल्या तरी नव्यानं थक्क करतात, त्यांतली ही एक.

काही जातींच्या नाकावर पानासारख्या कातड्याच्या घड्या असतात. फोटोत पाहून लोक 'किती कुरूप' म्हणतात. या जाती तोंडाऐवजी नाकातून हाक मारतात आणि त्या घड्या कर्ण्यासारखं काम करतात, आवाज एका दिशेला फेकतात. पतंगही स्वस्थ बसलेले नाहीत. अनेक पतंगांना या हाका ऐकू येणारे कान आहेत. हाक कानावर पडली की ते पंख मिटून दगडासारखे खाली पडतात. ही झटापट कोट्यवधी वर्षांची आहे.

हे कोडं सुटायला दीडशे वर्षं लागली. इटलीच्या लाझारो स्पालान्झानी यांनी १७९० च्या दशकात दाखवलं की डोळे गेलेलं वटवाघूळही अडथळे चुकवतं. स्वित्झर्लंडच्या लुई ज्युरिन यांनी कान बंद केले, तर ते धडपडलं. पण जे ऐकूच येत नाही त्या आवाजावर कोण विश्वास ठेवणार? पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्यानं नव्या यंत्रासमोर वटवाघूळ धरलं आणि त्या मुक्या प्राण्याचा आवाज पहिल्यांदा माणसाला कळला.

रात्रीची पाळी

आता ही मंडळी करतात काय ते पाहू. किडेखाऊ वटवाघूळ एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्यापर्यंत किडे खातं, पिल्लाला पाजणारी मादी त्याहून जास्त. डास, तुडतुडे, भुंगेरे, पिकांवर अंडी घालणारे पतंग. दिवसा शेतावर बगळे, कोतवाल, वेडे राघू असतात. रात्री ती पाळी वटवाघळांकडे असते आणि पिकांना छळणारे कितीतरी पतंग रात्रीच उडतात.

ही पाळी बंद पडली तर काय होतं याचा धडा उत्तर अमेरिकेत मिळाला. तिथे २००६ पासून एका बुरशीच्या रोगानं लाखो वटवाघळं मेली. पुढे एका अर्थशास्त्रज्ञानं जिथे वटवाघळं गेली आणि जिथे टिकली अशा भागांची तुलना केली. २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासानुसार वटवाघळं गेलेल्या भागांत शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर जवळपास एक तृतीयांशानं वाढला आणि तिथल्या बालमृत्यूंचं प्रमाणही सुमारे आठ टक्क्यांनी वाढलं. अमेरिका आपल्यापासून लांब आहे, पण फवारणीचा खर्च आणि फवारणीची विषबाधा विदर्भातल्या कापूस उत्पादकाला समजावून सांगायला नको.

जुन्या वाड्यांत, तळघरांत, पडक्या देवळांत आणखी एक जात राहते. अंग राखाडी, कान मोठे आणि कपाळावर एकमेकांना जोडलेले. हे उंदीर, पाली, बेडूक खातं, कधी लहान पक्षीसुद्धा. कित्येकदा ते हाकही मारत नाही, पाचोळ्यात उंदराची खसफस ऐकून झेप घेतं. त्याच्या लटकायच्या जागेखाली पंख, पाय, शेपट्या पडलेल्या दिसतात आणि 'वाड्यात काहीतरी आहे' ही वदंता तयार होते. रक्त पिणाऱ्या वटवाघळांच्या फक्त तीन जाती आहेत. त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच राहतात. आपल्याकडे त्यांतली एकही नाही.

फळखाऊंचं काम मला अधिक जवळचं वाटतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांतलं बी मोहरीपेक्षाही बारीक. ते रसाबरोबर पोटात जातं आणि बहुतेकदा तासाभराच्या आत बाहेर पडतं. तेवढ्यात वटवाघूळ कुठल्या कुठे गेलेलं असतं. पक्षी बहुधा फांदीवर बसून शिटतो, म्हणून बी पुन्हा झाडाखालीच पडतं. वटवाघूळ उडता उडता शिटतं, त्यामुळे बी उघड्या माळावर, पडीक रानावर, जिथे झाडच नाही अशा ठिकाणी पडतं. उजाड जमिनीला पहिली झाडं लागतात त्यात त्यांचा मोठा हात आहे. मोठं बी ते गिळत नाही, फळच तोंडात धरून सुरक्षित झाडावर नेतं, गर खातं आणि बी तिथे टाकतं. कोकणात काजूच्या दिवसांत बागेपासून लांब एखाद्या आंब्याखाली काजूबियांचा सडा पडलेला सापडतो, तो असा. माणसं त्या गोळा करून विकतात. आयतं मिळालेलं, वेचून ठेवलेलं पीक.

आणि फुलं. टेटूचं फूल रात्री उमलतं, जाड पाकळ्यांचं, मळकट रंगाचं, उग्र वासाचं. आपल्याला तो वास नकोसा होतो, वटवाघळाला ते आमंत्रण असतं. मध पिताना त्याचं तोंड परागांनी माखतं आणि पुढच्या फुलाला ते पोचतं. गोरखचिंचेचं मोठं पांढरं फूलही रात्री खाली तोंड करून लोंबतं, वटवाघळाला धरता यावं असं. मोहाच्या झाडावर फुलं येतात तेव्हा मोठी वटवाघळं रात्रभर त्यावर भांडत असतात. मोहाची फुलं वेचणाऱ्या घरांना हे नवीन नाही.

कोकणात आणखी एक गंमत पाहता येते. भेर्ली माडाला वरून खाली सुटणाऱ्या फळांच्या लांब झुपक्या येतात. एका मध्यम आकाराच्या फळखाऊ जातीचा नर त्या झुपक्याच्या आतल्या लडी दातांनी कुरतडतो आणि घंटेसारखी पोकळी तयार करतो. असा तंबू बांधायला त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. मग त्यात माद्या येऊन राहतात. घर बांधणारं वटवाघूळ! आपण ज्याला अशुभ मानतो ते संसार मांडायला इतके कष्ट घेतं.

वर्षाला एकच पिल्लू

आता या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. उंदराएवढ्या प्राण्याची वीण उंदरासारखीच असेल असं आपण धरून चालतो. उंदराची मादी वर्षातून अनेकदा विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. वटवाघळाच्या बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं. मोठ्या फळखाऊ वटवाघळाची मादी चार-पाच महिने गाभण असते. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान जन्मतात आणि सुरुवातीचे आठवडे आईच्या छातीला चिकटून तिच्याबरोबर उडतात. गुहेत हजारो पिल्लं एकमेकांना खेटून लटकलेली असतात, तरी रात्री परतलेली आई आवाजावरून आणि वासावरून आपलंच पिल्लू शोधते.

वीण कमी, पण आयुष्य मोठं. पिंजऱ्यातलं मोठं वटवाघूळ तीस वर्षं जगल्याची नोंद आहे. सायबेरियात खूण करून सोडलेलं काही ग्रॅमचं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी पुन्हा सापडलं. माणसाच्या मानानं मोजायचं तर यांचा संसार आपल्यासारखाच आहे, थोडी मुलं आणि लांब आयुष्य.

म्हणूनच एक झाड तोडलं, एक गुहा धुरानं भरली किंवा एक विहीर बुजवली, तर एका दुपारी जे जातं ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात. आमच्या जवळच्या एका गावात शाळेशेजारच्या वडावर मी लहान असल्यापासून वस्ती होती. संध्याकाळी सातच्या सुमाराला आभाळ काळं होईपर्यंत ती उडत राहायची. एका एप्रिलमध्ये रस्त्यासाठी तो वड पडला. त्या आठवड्यात गावातली मुलं रस्त्यावर पडलेली पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून घरोघर विचारत होती, 'यांना काय पाजायचं?' कुणालाच माहीत नव्हतं. काम नोव्हेंबरमध्ये झालं असतं तर निदान पिल्लं आईबरोबर उडून गेली असती. हे सांगणारं कुणी त्या बैठकीत नव्हतं, याची खंत मला अजून आहे.

उन्हाळा त्यांना आधीच जड जातो. उघड्या झाडावर लटकणारी वटवाघळं पंखांनी वारा घेतात, अंगाला थुंकी लावून गार होतात, पाण्यावरून उडताना पोट भिजवून ते चाटतात. तरी ऊन फार चढलं की ती पटापटा पडतात. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या गोरखपूरजवळ एका बागेत शेकडो वटवाघळं मेली तेव्हा करोनाच्या भीतीनं हलकल्लोळ झाला. बरेलीच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेनं तपासलं, तर कारण निघालं उष्माघात. जवळपास पाणीही उरलं नव्हतं.

बाकीची संकटं आपल्या ओळखीची आहेत. विजेच्या दोन तारांमध्ये पंख अडकून काळं पडलेलं वटवाघूळ आपण प्रवासात पाहिलेलं असतं. संक्रांतीचा नायलॉन मांजा त्यांचंही पंखाचं कातडं फाडतो. सांधेदुखीवर वाघळाचं तेल आणि दम्यावर त्याचं मांस, अशा समजुतीपायी शिकार होते. दोन्हींना औषध म्हणून काडीचाही आधार नाही.

मुंबईतली पेटी आणि बारापेडेची गुहा

आपल्या इथल्या दुर्मीळ जातींच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१९४८ साली अँगस हटन यांनी तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात एक फळखाऊ वटवाघूळ पकडलं. ते मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आलं आणि एका सर्वसामान्य जातीचं लेबल लावून ठेवलं गेलं. दोन तपं ते तसंच पडून होतं. मग थायलंडचे अभ्यासक किट्टी थोंगलोंग्या यांनी ते पाहिलं आणि ओळखलं की ही जातच काय, तिची प्रजातीही (जीनस, म्हणजे जातीच्या वरचा गट) विज्ञानाला नवी आहे. १९७२ मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं, 'लॅटिडेन्स सलीमअली'. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचं नाव एका वटवाघळालाही आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

दुसरी गोष्ट बेळगावजवळची. खानापूर तालुक्यात तळेवाडीच्या रानात, महाराष्ट्र-गोवा-कर्नाटक सीमेच्या जवळ, बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथे १९१२ च्या सुमाराला याच सोसायटीच्या सर्वेक्षणात एक वटवाघूळ मिळालं, मोठे कान, मखमली तपकिरी अंग. सस्तन प्राण्यांचे अभ्यासक रॉटन यांच्या नावानं ते ओळखलं जातं. कित्येक दशकं असंच वाटत होतं की ते सबंध जगात या एका जागीच आहे. नंतर मेघालयात आणि कंबोडियात थोडी सापडली. हा भाग आता भीमगड अभयारण्यात आहे. कर्नाटकातच कोलार जिल्ह्यात आणखी एक जात आहे, पानासारख्या नाकाची. तिची वस्ती हनुमनहळ्ळी गावाजवळच्या गुहेत उरली आणि आसपासच्या ग्रॅनाइटच्या खाणींनी तीच पोखरायला घेतली होती. एखादी अख्खी जात जेव्हा एका गुहेवर येऊन थांबते, तेव्हा त्या गुहेचं दार म्हणजे त्या जातीचा गळा असतो.

कायद्यानंही यांना बराच काळ दूर ठेवलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं पाचव्या परिशिष्टात होती, उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या रांगेत, म्हणजे 'उपद्रवी'. मारायला परवानगी लागत नसे. सलीम अलींच्या नावाचं आणि रॉटनचं मात्र पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या बरोबरीनं. २०२२ च्या दुरुस्तीत ते उपद्रवी परिशिष्टच कायद्यातून गेलं. पन्नास वर्षांनी का होईना, एक डाग पुसला गेला.

रोगांचं काय?

हा प्रश्न टाळून वटवाघळांची बाजू मांडणं मला प्रामाणिक वाटत नाही. वटवाघळांच्या शरीरात अनेक विषाणू असतात आणि त्यांतले काही माणसाला घातक आहेत. निपाह हे त्यातलं मोठं नाव. १९९८-९९ मध्ये मलेशियात तो पहिल्यांदा कळला. डुकरांच्या फार्मवर फळझाडं लावली होती, वटवाघळांनी उष्टावलेली फळं डुकरांनी खाल्ली, डुकरांकडून माणसांना लागण झाली. २०१८ मध्ये केरळात कोझिकोड आणि मलप्पुरम जिल्ह्यांत त्यानं १७ जणांचा बळी घेतला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० मध्ये तपासलेल्या काही वटवाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्या.

मग भीती खरीच की! खरी आहे, पण तिची दिशा समजून घ्यायला हवी. वटवाघूळ डोक्यावरून उडालं म्हणून निपाह होत नाही. बांगलादेशात तो माणसांपर्यंत पोचला तो शिंदीच्या कच्च्या रसातून. रात्री झाडाला मडकं लावलेलं असतं, वटवाघूळ येऊन रस चाटतं, त्याची लाळ आणि मूत्र त्यात पडतं. तिथे उपाय निघाला तो बांबूच्या विणलेल्या झापाचा. रस झिरपतो ती जागा आणि मडकं झाकलं की वटवाघूळ तिथवर पोचतच नाही. आपल्याकडे नीरा आणि ताडी पिणाऱ्यांनी, उतरवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. कुरतडलेलं, उष्टं फळ खाऊ नये, गुराला घालू नये. बाकी फळं धुवून, सोलून खावीत. आजारी किंवा मेलेलं वटवाघूळ उघड्या हातानं उचलू नये. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. बंद गुहेत किंवा वर्षानुवर्षं लेंड्या साठलेल्या माळ्यावर जाताना नाकातोंडावर मास्क हवा, तिथल्या धुळीत बुरशी असते.

वस्त्या जाळून, झाडं तोडून रोग टळत नाही. विस्कटलेली वटवाघळं दहा नव्या ठिकाणी पांगतात, उपाशी आणि त्रासलेली असतात, आणि अशा अवस्थेत त्यांच्या अंगातून विषाणू बाहेर पडायची शक्यता वाढते. २०२० मध्ये करोनाच्या धास्तीनं ठिकठिकाणी झाडं तोडायच्या मागण्या झाल्या, तेव्हा दक्षिण आशियातल्या वटवाघूळ-अभ्यासकांनी एकत्र येऊन हेच सांगितलं होतं.

बागायतदाराचं गाऱ्हाणंही खोटं नाही. पेरू, चिकू, द्राक्षांचं नुकसान होतं. पण वटवाघूळ झाडावर पिकलेल्या फळाच्या मागे असतं. हापूस आपण चौदा आणे तयार झाला की उतरवतो आणि आढीत पिकवतो, म्हणून त्यातलं फारसं त्याच्या वाट्याला जात नाही. इतर फळांनाही कागदी किंवा कापडी पिशव्या बांधणं, वेळेवर तोडणी करणं हे उपाय चालतात. जाळी लावायचीच तर बारीक छिद्रांची आणि चौकटीवर घट्ट ताणलेली लावावी. सैल टाकलेल्या मोठ्या छिद्रांच्या जाळीत वटवाघळं, घुबडं, साप सगळेच अडकून मरतात आणि फळंही वाचत नाहीत.

घरात, गावात

वटवाघूळ खोलीत शिरलं तर पहिलं काम पंखा बंद करायचं. सर्वांत जास्त इजा त्यानंच होते. मग दिवा घालवा, खिडक्या सताड उघडा आणि बाहेर जाऊन थांबा. ते केसांत शिरायला आलेलं नसतं. केसाइतकी बारीक तार चुकवणारा प्राणी तुमचं डोकं चुकवणार नाही का? काही मिनिटांत ते वाट शोधतं. जमिनीवर पडलेलं दिसलं तर आठवा, त्याला तिथून उडता येत नसेल. जाड कापड आणि हातमोजे वापरून खोक्यात घ्या, जखम नसेल तर संध्याकाळी खोडावर उंच चढवून सोडा, जखम असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

माळ्यावर वस्ती केली असेल आणि ती खरोखर नको असेल तर धूर करू नका. पिल्लं उडायला लागेपर्यंत थांबा, मग एका रात्री ती बाहेर पडल्यावर फट बुजवा. लेणी पाहायला जाल तेव्हा अंधाऱ्या दालनात टॉर्चचा झोत वर मारू नका, ओरडू नका. दिवसा दचकून उडालेली आई पिल्लू खाली पाडते.

गावासाठी मात्र यापेक्षा सोपं आणि यापेक्षा अवघड एकच काम आहे. वस्तीचं झाड तसंच ठेवायचं. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यात सरसई गावात लोक वटवाघळांना लक्ष्मीचं रूप मानतात आणि राखतात. तमिळनाडूतली काही गावं झाडावरच्या वटवाघळांसाठी दिवाळीत फटाके वाजवत नाहीत. आपल्याकडे देवराया आहेत, पारावरचे वड आहेत, कुणी वापरत नाही अशा जुन्या दगडी विहिरी आहेत. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत त्या झाडाची आणि त्यावरच्या वस्तीची नोंद करून ठेवली, तर पुढच्या वेळी रस्त्याची आखणी होताना दाखवायला निदान एक कागद असेल. शाळेतली पोरं संध्याकाळी झाडासमोर बसून बाहेर पडणारी वटवाघळं मोजू शकतात. दर महिन्याला एकदा, एकाच जागेवरून. त्या वडाखाली अशी एक वही असती, तर एप्रिलची ती बैठक कदाचित वेगळी झाली असती.

आमच्या उंबरावर अजून येतात. आई आता अंगण झाडताना चोथा केरात टाकत नाही, झाडाच्या बुंध्याशी लोटते. मागच्या पावसाळ्यानंतर विहिरीच्या कठड्याच्या फटीत एक रोप वर आलं, दोन पानांचं. आधी मला पिंपळ वाटला. पान तोडून पाहिलं, पांढरा चीक आला, पण टोकाला शेपूट नव्हतं. उंबरच निघाला. कठडा फोडायच्या आत तो कुंडीत काढून ठेवला आहे. त्या पडलेल्या वडाच्या गावात, शाळेच्या कुंपणालगत, त्याला जागा मागितली आहे.